गुरम्माक्कांचा विलायती पलंग

न्हाय न्हाय, अक्का, विरजण नको—म्हणजे विरजण मागायला आले असं दारातनं मीच म्हणले, ते खरं, पण ते आपलं गल्लीनं ऐकावं म्हणून. समोर केराबाई ओट्यावर लसूण सोलत बसलीया, हात लसणीत आन् कान तुमच्या दाराला. तिनं विचारलंच, रंभाबाई, भर दुपारी गुरम्माक्कांकडं कशाला, म्हणून म्हणले विरजणाला. आन् तुमी खरंच उठून वाटी भरून आणलीत. केवढी ही वाटी, बोटभर विरजणाला एवढी वाटी कोण देतं, पण तुमचा हात पहिल्यापासनं मोठा. ठेवा. बाजूला ठेवा ती. विरजण माझ्या घरात हाय, चांगलं घट्ट हाय. मला दुसरंच पायजे. आता कसं सांगू—तुमी आधी बसा की, उभ्या ऱ्हायलात तर मला फौजदारापुढं आल्यागत वाटतंय.

रागावणार न्हाय म्हणा. न्हाय, पैसे न्हाय मागत. दागिना बी न्हाय, आता कुटं लग्नाला जायचंय मला. त्याहून हलकी वस्तू हाय, अगदी हलकी, फुंकर मारली तर उडंल—ढेकूण. ढेकूण पायजेत मला, अक्का. चार-पाच असले तरी चालतील, त्यात एखादी मादी असली तर बरं. झालं, चढल्या भुवया. अहो, मी कुटं म्हणते तुमच्या घरात हायत. साऱ्या गल्लीला ठाऊक हाय, गुरम्माक्कांच्या घरात ढेकूण न्हायत. तुमी फटीत चुना भरता, कडुलिंबाचा पाला जाळता, पाव्हणा आला तर त्याची वळकटी अंगणात झटकल्याबिगर आत येऊ देत न्हाय—माझ्या भावाची झटकली होती तुमी, सगळ्यांच्या देखत, मी काय बोलले का. न्हाय बोलले. मी एवढंच म्हणते, की असले तर. चुकून. कुटं कोपऱ्यात.

आमच्या घरात? हायत की. मी काय लपवते व्हय. पाटाखाली हायत, देवळीत हायत, पाळण्याच्या कडीत हायत. तुमी म्हणाल तर आत्ता जाऊन वाटीभर आणून दावते. पण ते चालत न्हायत ना. ते आपले देशी. मला विलायती पायजेत, आन् विलायती सगळ्या सोलापुरात एकाच घरात—थांबा, थांबा, उठू नका, सगळं सांगते, सुरवातीपासनं सांगते, मग काय ते बोला.

आमच्या माडीवर महिपती ऱ्हातो की, मंगळवेढ्याच्या धोंडीरामाचा पोरगा, चष्मा लावतो तो, तुमाला बघून रस्त्यातनं बाजूला होतो तो. तुमी त्याला डॉक्टर म्हणता. सगळेच म्हणत्यात. तो डॉक्टर न्हाय, अक्का. म्हणजे पुण्याला शिकलाय, सरकारातनं पगार येतो, वर मुंबईला साहेब हाय, ते सगळं खरं, पण माणसाचा डॉक्टर न्हाय तो. किड्यांचा हाय. किड्यांना बी बरं करत न्हाय, नुसता ओळखतो. रगत पिणारे तेवढेच. कोण कुटला, कोण कोणाच्या भावकीतला, कोणाचं मूळ गाव कंचं. आपल्याकडं हेळवी येतो बघा, बैलावर बसून, आपल्याच आज्या-पणज्यांची नावं आपल्याला वाचून दावतो—तसा हा ढेकणांचा हेळवी. तुमच्या मालकांच्या, सिद्धप्पाण्णांच्या तापात त्यानं जो काढा दिला, तो सुंठीचा होता, माझ्याच चुलीवर उकळला. ताप आपला आपण उतरला. तो पोरगा तवा घसा फोडून सांगत होता, मी डॉक्टर न्हाय, मी डॉक्टर न्हाय, पण तुमी ऐकताय कुटं, तुमी म्हणलात खरी शिकलेली माणसं अशीच नम्र असत्यात.

मला तरी कुटं ठाऊक होतं. नवीन आला तवा मी सकाळी चहा घेऊन माडीवर गेले, तर हा धोतर गुडघ्यावर घेऊन बसलाय आन् पोटरीला काचेच्या नळ्या बांधल्यात, तोंडाला मलमलीचं फडकं लावलेल्या. मला वाटलं जळवा लावतोय, रगत नासलं असंल. म्हणले, बाळा, न्हाव्याला बोलावू का, तो नीट लावतो. तर म्हणतो कसा, मावशी, जरा हळू बोला, जेवायला बसल्यात. कोण जेवायला बसलंय म्हणून वाकून बघते तर ढेकूण. मलमलीतनं सोंड खुपसून निवांत. चहा सांडला माझा. अक्का, घरात ढेकूण दिसला तर लोक चप्पल शोधत्यात, हा त्यांना पंगत घालतोय, पोटं टम्म फुगेस्तोवर. आन् स्वतः काय खातो, तर भाकरी-चटणी. म्हणून मी त्याला रातचं दूध चालू केलं. म्हणले, एवढ्या जणांना अंगावर पोसायचं तर अंगात काय तरी पायजे. आता विचार केला की वाटतं, माझ्या म्हशीचं दूध सगळं ढेकणांच्याच पोटात गेलं की.

हसलात. हसा, पण त्यात लई खोल हाय. मला त्यानं भिंगातनं दावलं. आपण सगळ्यांना एकाच शिवीनं मारतो, पण त्यांच्यात घराणी हायत. ऊ वेगळी. ती माणूस सोडत न्हाय, माणसावरच जल्मती, माणसावरच मरती, आपलं डोकं हेच तिचं गाव. आन् मेंढीची ऊ मेंढीची, कोंबडीची कोंबडीची, एकीच्या गावात दुसरी नांदत न्हाय. पिसू म्हणजे फिरस्ती—आज उंदरावर, उद्या मांजरावर, परवा आपल्या लुगड्यात. ढेकूण मात्र घरंदाज. तो कोणाच्या अंगावर मुक्काम करत न्हाय, जेवला की आपल्या घरी जातो. आन् गोचीड तर ह्यांच्यातला न्हायच म्हणतो, त्याला आठ पाय, तो कोळ्याच्या भावकीतला. मी माझ्या दिराला इतकी वरसं गोचीड म्हणत आले, ते चुकलंच की माझं. तो ऊ हाय. स्वतःचं घर न्हाय, आमच्याच डोक्यावर. नणंद पिसू—आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं, चावा घेतला की उडी. ढेकूण आमच्यात कोणी न्हाय. तेवढं घरंदाज आमच्यात कोणी निपजलंच न्हाय.

आन् हे रिकामटेकडं काम न्हाय बरं का. मी बी आधी तसंच म्हणले त्याला, की बाबा, ढेकणाची जात विचारून त्याला काय मुलगी द्यायचीया. तर तो म्हणला, मावशी, उंदराच्या पिसवा दिसायला सगळ्या सारख्याच, पण त्या नीट निवडल्या तवा कळलं, पलेग कंच्या पिसवेनं जास्त पसरतो आन् कंचीनं कमी. तुमची थोरली जाऊ पलेगातच गेली की. माझी आई बी. माळावरच्या झोपडीत गेली, आन् आमी हिकडं देवीला नवस बोलत बसलो, पिसवेकडं कोण बघतंय. ते असू दे.

तर ढेकणांत दोन जाती. एक बारीक मानेचा, एक रुंद मानेचा. भिंगाखाली धरला की लगेच कळतं. बारीक मानेचा तो आपला, गरम मुलखातला. रुंद मानेचा थंड मुलखातला, विलायतेकडचा, त्याच्या मानेला दोन्हीकडनं असा पसारा असतो, फौजदाराच्या खांद्यावर पट्टे असत्यात तसा. तो सोलापुरात सापडायचाच न्हाय म्हणत्यात, हितल्या उन्हात तो तगतच न्हाय. पण महिपतीला सापडला. जिता. त्यानं नळीत ठेवला, पोटरीवर पोसला, अंडी झाली, पिल्लं झाली, घर भरलं म्हणा की. मग त्यानं मुंबईला कळवलं. तर तितला मोठा साहेब म्हणतो, शक्य न्हाय, तू नवशिका हायस, मान बघायला चुकलास. हा एरवी माझ्यापुढं मान वर करून बोलत न्हाय, पण साहेबाला म्हणला, न्हाय चुकलो. आता तो साहेब स्वतः येतोय, उद्या सकाळच्या मेलनं, डोळ्यांनी बघायला. जिते बघितले तर महिपतीची नोकरी कायम. न्हाय तर थापाड्या म्हणून घरी. मेलेले चालत न्हायत. मेलेले काय, कोणी बी विलायतेतनं पुडीत घालून मागवंल.

मग दावू दे की जिते—असंच म्हणताय न्हवं? तितंच तर सगळं घोडं अडलंय. महिपती मैंदर्गीला गेलाय, तितल्या धर्मशाळेतले ढेकूण बघायला. जाताना म्हणला, मावशी, नळ्या कोनाड्यात हायत, तुमी नुसती नजर ठेवा. एवढंच. नजर ठेवा. ठेवली मी नजर. काल सकाळी बघितलं तर नळ्यांना आतनं दमटपणा, काच धुकटलेली, आतला कागद ओला. आता तुमी सांगा अक्का, वैशाखात घरात कशाला बी दमट वास आला तर बाईमाणूस काय करतं? तूरडाळ असू दे, मिरची असू दे, गोधडी असू दे, काय करतं? ऊन दावतं. तुमी बी तेच केलं असतं. मी माळवदावर कुरडया घातल्या होत्या, त्यांच्या शेजारी परातीत नळ्या मांडल्या. एका रांगेत, नीट. कावळ्यानं चोच मारू नये म्हणून वर चाळण पालथी घातली, एवढी काळजी. खाली येऊन भाकऱ्या थापल्या, मिलचा दुपारचा भोंगा झाला तवा वर गेले, तर कुरडया झकास वाळलेल्या. आन् नळ्यांत मनुका. बारीक बारीक मनुका, अक्का. हलवलं की खुळखुळ वाजत्यात. रुंद मान, बारीक मान, काय फरकच ऱ्हायला न्हाय.

पाणी शिंपडून बघितलं. फुंकर घातली. माझी स्वतःची पोटरी लावून बसले, कोण जेवंना. आयुष्यात ढेकूण मेला म्हणून मी कधी डोळ्यातनं पाणी काढलं न्हाय, काल जिन्यात बसून काढलं. आज सांजच्या गाडीनं येतोय महिपती. माडीवर जाईल, कोनाडा बघंल. आन् मला काय बोलणार न्हाय, हेच वाईट. बोलला असता तर मी बी चार शब्द ऐकवले असते, म्हणले असते, नळ्यांत पाणी का साचू दिलंस. पण तो म्हणंल, असू द्या मावशी. उद्या साहेबापुढं मनुका घेऊन उभा ऱ्हाईल, आन् परवा वळकटी बांधंल. तितं मंगळवेढ्याला धोंडीरामानं साऱ्या गावाला सांगून ठेवलंय, माझ्या पोराला बघायला मुंबईचा साहेब येतोय म्हणून.

आता तुमी म्हणाल, मग माझ्या दारात कशाला आलीस. तेच सांगायला मघापासनं घाबरतेय मी. महिपतीला ते रुंद मानेचे मिळाले कुटं, तर हितं. ऐका, ऐकून तर घ्या. सिद्धप्पाण्णांना ताप आला तवा तुमी त्याला डॉक्टर म्हणून आत नेलंत आन् त्या पलंगावर बसवलंत. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातल्या लिलावातला तो पलंग, पितळी गोळ्यांचा, घोड्याच्या केसांच्या गादीचा. मला कधी बसवलं न्हाय तुमी त्यावर. एवढ्या वरसांची शेजारीण, सतरंजीवरच बसते. माझं काय म्हणणं न्हाय, सतरंजी बी चांगली हाय. पण त्याला बसवलंत, केशर घालून दूध दिलंत, आन् तो दूध पीत बसला तेवढा वेळ—घरी आला तो उड्या मारत जिना चढला, धोतराच्या निऱ्या धरून, कोणी पडू नये म्हणून. म्हणला, मावशी, सोलापुरात विलायत सापडली. मी तवाच दटावलं त्याला, की कोणाला सांगू नकोस, अक्कांच्या अब्रूचा प्रश्न हाय. तो म्हणला, मी कुटं नाव घेतोय, सोलापुरातलं एक घर एवढंच म्हणलोय. आन् मी बी कोणाला सांगितलं न्हाय. नळावर बायकांनी एवढं खोदून विचारलं, एका शब्दानं न्हाय बोलले. केराबाईला तेवढं सांगितलं, पण ती—

उठलात. बरोबर हाय. माझ्या जिभेला हाडच न्हाय, माझी आई म्हणायची. जाते मी. दार दावायला नको, दार ठाऊक हाय मला. पण जाता जाता एक सांगते, केराबाईला ते पटलंच न्हाय, अक्का, आईशप्पत. ती म्हणली, कशाचा विलायती ढेकूण घेऊन बसलीस, तो पलंग जुन्या बाजारातला हाय. व्हय, असंच म्हणली. सगळ्याच म्हणत्यात की ते. तुमाला ठाऊक न्हवतं? आता काय करू माझ्या तोंडाला. म्हणत्यात, लिलावबिलाव काय न्हाय, साहेबाच्या बंगल्याचं फाटक तरी बघितलंय का सिद्धप्पाण्णांनी, जुन्या बाजारात पलंग घेतला, चिंचेनं गोळे घासले आन् गल्लीत आणला. मी एकटी भांडले त्यांच्याशी. म्हणले, पुरावा हाय. म्हणले, रुंद मानेचा जुन्या बाजारात मिळत न्हाय, तो साहेबाच्या गादीतनंच आलाय, शिकलेला माणूस सांगतोय. काय म्हणता? परत सांगू? व्हय, महिपतीच म्हणला, हा पलंग विलायतेतनं आलेल्या माणसाचाच असणार, दुसरीकडनं हे बेणं हितं यायचंच न्हाय. उद्या मुंबईच्या साहेबानं बघितलं की त्यावर शिक्काच बसला. आन् न्हाय बघितलं तर महिपती तर गेलाच, पण मग केराबाईचं तोंड कोण धरणार. ती म्हणणारच, बघा, आमी म्हणलो न्हवतो का.

विरजण उचललंत? उचला, उचला. बरोबर हाय, मला कशाला द्यायचं विरजण. येते मी, अक्का, राग धरू नका, सिद्धप्पाण्णांना बी काय सांगू—आत? मी? कुटं, पलंगावर? न्हाय न्हाय, अक्का, माझं लुगडं कामाचं हाय, पीठ सांडलंय, हितं सतरंजीवरच बरी हाय की मी. खरंच बसू म्हणता? बघा बरं. परत म्हणाल रंभाबाई चढून बसली.

काय मऊ हाय हो. आन् आवाज बघा कसा करतो, कुंई कुंई, जसं काय इंग्रजीत बोलतोय. ह्या गोळ्यांत माझं तोंड दिसतंय, केवढं मोठं दिसतंय. खिडक्या कशाला लावताय? झळा, व्हय. झळा लई हायत आज. पडदा बी? बरं. आता तुमी कुटं उभ्या ऱ्हायलात तेच दिसंना मला. तर सिद्धप्पाण्णा हितं झोपत असतील, संस्थानिकागत. न्हाय? माळवदावर झोपत्यात? थंडीत बी? हां, वारं लागतं असं. आन् तुमी? सैपाकघरात, चटईवर. मग ह्यावर कोण झोपतं? कोणीच न्हाय म्हणजे—तो डॉक्टर बसला त्यानंतर कोणीच न्हाय? बाई बाई. एवढा पलंग आन् त्याला माणसाचा स्पर्श न्हाय. पाय वर घेऊ? घेते की. मागं रेलून बसू? बसते. आज तुमी लई करताय माझं, मला कसंतरीच व्हायला लागलंय. आन् ही वाटी कशाला ठेवलीत हितं माझ्याजवळ? विरजण तर काढून ठेवलंत, वाटी धुऊन पुसून कोरडी, हिचं काय करू मी. न्हाय, नको असंल तर सांगा, मी आपली विचारते. मला वाटलं तुमी मला दाराबाहेर काढणार, आन् तुमी मला पलंगावर बसवलंत, अक्का, तुमचं मन मोठं हाय, मी नळावर उगाच—उद्या तो साहेब आला की मी महिपतीला म्हणणार हाय की बाबा, सगळा दोष माझा, मी सांगते साहेबाला, मला इंग्रजी येत न्हाय पण मी परातीत मांडून दावीन कसं—

अक्का.

काय न्हाय. काय न्हाय, मांडीला जरा.

तुमी तिकडं भिंतीकडं तोंड करून का उभ्या ऱ्हायलात?

बरं. बरं बरं. मग असं करते, जरा निवांतच बसते मी. उन्हातनं जायची घाई कुटं हाय. कुरडयांचं सांगायचं ऱ्हायलंच की तुमाला. यंदा गहू चांगला मिळाला, तीन दिस भिजत घातला, रोज पाणी बदललं, चीक असा पांढरा—ये बाबा, ये—न्हाय अक्का, तुमाला न्हाय म्हणले. चीक असा पांढरा शुभ्र निघाला, की केराबाईनं विचारलं कंच्या दुकानातला—पळतोस कुटं, तुझ्यासाठी मुंबईहून साहेब येतोय—कंच्या दुकानातला गहू म्हणून. मी काय सांगते व्हय तिला. हा केवढा हाय बघा. न्हाय, तुमी नका बघू, तुमी भिंतीकडंच बघा. पाठीत बी लागलंय की. लागू दे, लागू दे, लई दिसांचे उपाशी हायत बिचारे. वाटी बरी दिलीत हो, गुळगुळीत हाय, वर चढता येईना त्यांना. कुरडया तळताना मी तेल लई तापू देत न्हाय, लई तापलं तर काळ्या पडत्यात. मान अंधारात दिसंना, पण चाल बघा कशी, अगदी फौजदारागत. ही फुगीर मादीच दिसती. बाई, अजून एक. आता पुरे. न्हाय, हा राजासारखा हाय, ह्याला बी घेते.

झालं. उठते मी. खिडक्या उघडा आता, झळा कमी झाल्या असतील. अक्का, तुमच्या घरात एक बी ढेकूण न्हाय. मी एवढा वेळ पलंगावर बसून स्वतः बघितलं. कोणी विचारलं तर मी देवावर हात ठेवून सांगीन, विलायती पलंग हाय, पण ढेकूण शोधून सापडायचा न्हाय. महिपतीला काय सांगू, ते माझं मी बघते. म्हणीन, तुझ्या नळ्या उन्हात जरा फुटल्या, वाटीत काढून ठेवलेत. त्याला वासानंच कळंल कुटल्या घरचे ते, पण तो बोलणार न्हाय, त्याचं तोंड माझ्यासारखं न्हाय.

काय म्हणता? साहेबाला? हितं घेऊन येऊ म्हणता, चहाला? आन् पलंगावर बसवणार? बसवा की. त्याला बी आपल्या गावची माणसं भेटल्यासारखं वाटंल. केराबाई ओट्यावर असंल तवाच आणते, पुढच्या दारातनं, काळजी करू नका. न्हाय, हळूच सांगते त्याला, दुधात केशर घालणार हायत म्हणून.

वाटी उद्या आणून देते. रिकामी न्हाय आणणार, ठाऊक हाय मला, तुमी ह्यात लई पक्क्या, शेजारणीची वाटी रिकामी परत करायची न्हाय. कुरडया घालून आणीन. नको? कुरडया नको? वाटीच नको? ठेवून घे म्हणता. कायमची? एवढी जड पितळी वाटी—दार लावलंत व्हय. लावा, अक्का, लावा. कडी बी घाला.

व्हय ग केराबाई, मिळालं की. विरजणच हाय. पदर कशाला घातला म्हणजे काय, उन्हानं नासंल न्हवं का. न्हाय, दावणार न्हाय, हलवलं की मोडतं. सर, बाजूला सर.